वादळात पडवीचे पत्रे उडाले, घरावरची कौलं फुटली. पावसाच्या तोंडावर आता काय करावं? परत पत्रा घालावा की कौलं?

पत्रा की कौलं ते पुढे बघू. तुम्ही लिहिलंय की उरलेल्या पत्र्यांवर वाळूच्या गोण्या ठेवल्यात. हे उत्तर लिहायला बसलो ते त्या एका ओळीमुळे.

हिशेब करा. ताशी १२० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला ६७-६८ किलो होतो. दहा फुटी, साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा, म्हणजे त्याला उचलणारं बळ सव्वादोनशे किलोच्या आसपास. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा किलो, आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू मावते फार तर पन्नास किलो. एका पत्र्यावर दोन गोण्या टाकल्या तरी शंभर किलो कमीच पडतात. कडेला आणि कोपऱ्यात ओढ याच्या निदान दीडपट असते, आणि पडवी तीन बाजूंनी उघडी असल्यामुळे खालूनही वारा रेटतो. वारा छपरावर 'बसत' नाही, छप्पर वर ओढतो. हे एकदा डोक्यात शिरलं की गोण्या, चिरे, जुने टायर हे सगळं आपोआप बाद होतं. वर ओली वाळू पावसाळाभर पत्र्याला चिकटून राहते आणि त्याच जागी पत्रा गंजून चाळण होते.

आमच्याकडच्या एका मिस्त्रींशी यावरून माझा वाद जुना आहे. 'पत्र्याला वजन हवं' हे त्यांचं पालुपद. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, त्यानंतर दापोली तालुक्यातल्या एका वाडीत शेजारी शेजारी असलेली दोन घरं बघितली. दोन्ही चिऱ्यांची, दोन्हींना पुढे आठ फुटी पडवी. पहिल्या घरात मिस्त्रींनी आढ्यापासून (छपराच्या माथ्यापासून) पडवीच्या टोकापर्यंत एकच लांब पत्रा घेतला होता, 'जोड नको, गळती नको' म्हणून. वर गोण्या होत्याच. वाऱ्याने पडवीचं टोक धरलं आणि तिथून पत्रा मुख्य घरावरूनही सोलत नेला, केळीचं सोपट सोलावं तसा. गोण्या अंगणात फुटून पडलेल्या.

पडलेला पत्रा उलटून बघितला तर भोकं गोल नव्हतीच, लांबट झाली होती. पत्रा तासन् तास फडफडला की स्क्रूच्या डोक्याभोवती भोक फाटत जातं आणि शेवटी पत्रा डोक्यावरून निघून येतो, स्क्रू मात्र जागेवर. काही ठिकाणी उलटं झालं होतं. लाकडी वाशावर लोखंडी पाइपात बसवायचे बारीक आट्यांचे स्क्रू मारलेले, ते लाकडाचा भुसा घेऊन अख्खे उपटून आले. लाकडाला जाड आट्यांचा स्क्रू लागतो आणि तो दीड-दोन इंच आत जायला लागतो. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही एकाच खोक्यात असतात, विचारून घ्या.

दुसऱ्या घराची पडवी गेली, पण घर राहिलं. कारण तिथे पत्रा भिंतीच्या रेषेवर तोडलेला होता. पडवीचं छप्पर वेगळं, मुख्य छपराच्या वळचणीखाली (भिंतीबाहेर आलेल्या कडेखाली) सहा इंच सरकवलेलं. पडवी जायची तर एकटी जाऊ दे, घराला घेऊन जायला नको. मिस्त्री अजूनही म्हणतात की ते घर झाडांच्या आडोशामुळे वाचलं. असो.

आता तुमचं तातडीचं काम. ताडपत्री निळी पातळ घेऊ नका, दोन-अडीचशे जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाची) जाड घ्या. कड्यांना दोरी बांधून ती टिकत नाही, पहिल्या झोडीत कड्या फाटून निघतात. ताडपत्रीची कड लाकडी रिपेवर (पातळ पट्टीवर) दोन वेढे गुंडाळायची आणि ती रीप फुटाफुटावर स्क्रूने वाशात पक्की करायची. वरची कड आढ्यापलीकडे निदान तीन फूट जायला हवी. ती आढ्यालाच संपवली तर पाणी तिच्याखालून आत येतं. मध्ये झोळ राहू देऊ नका, एका झोळात दोन बादल्या पाणी साठलं की ताडपत्री रिपेसकट खाली येते.

कौलांचं काम पावसाच्या उघडिपीत होतं. आधी घरात बसून वर बघा, कुठून उजेड येतोय ते खडूने वाशावर खूण करून ठेवा. पाणी टपकतं तिथेच कौल फुटलेलं असतं असं नाही. ते रिपेवरून वाहत चार-पाच फूट लांब जाऊन टपकतं. फुटलेलं कौल काढायला वरची दोन कौलं उचलून पाचर लावा, खालचं ओढून काढा, नवं आकडीत बसवा. पण नवी कौलं आणण्याआधी जुन्याच्या पाठीवरचा कारखान्याचा शिक्का बघा. दोन कारखान्यांची मंगळुरी कौलं एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, दोन-चार मिलिमीटरचा फरक असला तरी फट राहते आणि वाऱ्याचा पाऊस तिथूनच शिरतो. तोच शिक्का मिळाला नाही तर घरभरची शाबूत जुनी कौलं छपराच्या एका पाख्यावर (उतारावर) जमवा आणि दुसरं पाखं पूर्ण नव्या कौलांनी भरा. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं लागतात, वर दहा टक्के फुटीला धरा.

वळचणीच्या खालच्या दोन ओळी आणि दोन्ही कडांची कौलं तारेने बांधाच. कौलाच्या पाठीला जी बोंडी असते तिला बऱ्याचदा भोक असतं, ते त्यासाठीच. समुद्राजवळ असाल तर तांब्याची तार घ्या, लोखंडी बांधायची तार दोन पावसाळ्यांत तुटते. आढ्याची कौलं चुन्या-सिमेंटात बसवलेली असतात, तिथे केसाएवढी भेग दिसली तरी ठोकून बघा. पोकळ वाजलं तर काढून परत बसवा. वाऱ्याला आढ्याचं एक कौल मिळालं की पुढचं सोपं जातं.

नवा पत्रा घातलाच तर जाडी अर्धा मिलिमीटर. दुकानदार ०.३५चा देईल आणि 'सगळे हाच नेतात' म्हणेल. आडवे पाइप तीन फुटांवर, खालच्या टोकाला आणि आढ्याला प्रत्येक दुसऱ्या उंचवट्यावर स्क्रू, मध्ये तिसऱ्यावर. भोक नेहमी उंचवट्यावर, पन्हळीत कधीच नाही. रबरी वायसर जेमतेम दबेल इतकंच आवळा, बाहेर फुगला तर उन्हात फुटतो. दोन पत्र्यांचा बाजूचा जोड दीड ते दोन पन्हळींचा ठेवा, आणि ज्या दिशेने वादळ येतं त्या दिशेला वरच्या पत्र्याची कड येऊ देऊ नका.

एवढं करून पत्रा पाइपाला घट्ट धरला, तर पुढचं वादळ पाइपासकट छप्पर नेतं. कारण वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात. खरं काम इथे आहे आणि इथेच कोणी पैसे घालत नाही. भिंतीच्या माथ्यावर सहा इंची काँक्रीटचा पट्टा, आत दहा मिलिमीटरच्या चार सळ्या, दर चार फुटांवर बारा मिलिमीटरचा बोल्ट खालच्या सळीला आकडा घालून वर काढलेला. पट्ट्याला आठवडाभर पाणी मारल्याशिवाय वर वजन देऊ नका. यंदा वेळ नसेल तर वाशावरून लोखंडी पट्टी घेऊन भिंतीच्या बाहेरून दोन फूट खाली आणा आणि भिंतीतून आरपार बोल्ट घालून आत पट्टी-वायसर लावून आवळा. गोण्यांपेक्षा शंभर पटीने बरं.

पत्रा की कौलं? पट्टा आणि बोल्ट असतील तर दोन्ही टिकतात, नसतील तर दोन्ही जातात. कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीसेक किलो असतं, म्हणून मध्यम वाऱ्यात ती तग धरतात आणि गेली तरी सुटी सुटी जातात. उडालेला पत्रा माणूस कापतो. मी मुख्य घराला कौलं आणि पडवीला पत्रा ठेवीन. पण दर वर्षी घर शाकारायला गावात माणूस मिळत नसेल तर कौलांचा हट्ट धरू नका.

राहिलेलं. जुना पत्रा सिमेंटचा असेल तर त्यावर पाय देऊ नका, दोन वाशांवर फळी टाकून तिच्यावरून चाला. त्याला ग्राइंडरही लावू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. भिजवून, तोंडाला मास्क लावून, अख्खा उतरवा. तलाठी नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला येईपर्यंत फुटकी कौलं एका कोपऱ्यात रचून ठेवा आणि आवराआवरीच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, निदान एकात घरक्रमांकाची पाटी दिसली पाहिजे. घर आजोबांच्या नावावर असेल तर भाऊबंदांची संमती आत्ताच गोळा करायला लागा, त्याला कौलांपेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि त्या गोण्यांमधली वाळू फेकू नका, पट्ट्याच्या काँक्रीटला लागेल. किनाऱ्यावरून आणलेली असेल तर मात्र नको, खारी वाळू सळई खाते.