चॅलेंज कपचा एकच हंगाम समजून घ्यायचा तर कोणता?

विचारणाऱ्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. रग्बी लीगच्या चॅलेंज कपचा एकच हंगाम बघायचा तर कोणता बघावा, आणि वर्षभर साखळी सामने चालू असताना या बाद पद्धतीच्या कपाचं एवढं कौतुक कशाला?

2018 चा बघा. आणि हे मी हरलेल्या बाजूचा माणूस म्हणून सांगतोय.

नोकरीमुळे मी तेव्हा वॉरिंग्टनला राहत होतो. मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या मधलं हे गाव तारेच्या कारखान्यांवर वाढलं, म्हणून तिथल्या संघाला आजही सगळे ‘वायर’च म्हणतात. मी मूळचा सांगलीचा, कबड्डी बघत मोठा झालेला. त्यामुळे तेरा-तेरा जणांचा हा खेळ मला पंधरांच्या रग्बीपेक्षा लवकर उमगला. चेंडू छातीशी धरून समोरच्यांच्या अंगावर जायचं, पकड झाली की उठून चेंडू पायाने मागे सरकवायचा, पुन्हा घुसायचं. अशा सहा पकडींत काही साधलं नाही तर चेंडू दुसऱ्यांकडे.

कपाचं कौतुक कुठून आलं ते आधी सांगतो. उत्तर इंग्लंडचे खेळाडू खाणीत नाहीतर गिरणीत कामाला. शनिवारी सामन्याला गेलं की खाडा पडायचा, मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढंच उत्तरेच्या क्लबांचं म्हणणं. रग्बीच्या वरच्या मंडळींनी नकार दिला, तेव्हा 1895 मध्ये हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक बसली आणि हे क्लब वेगळे झाले. त्यातूनच रग्बी लीग आली. कपाचा पहिला अंतिम सामना 1897 चा, बॅटलीने सेंट हेलेन्सला 10-3 हरवलं. 1929 पासून अंतिम सामना वेम्बलीला जायला लागला. थोडे अपवाद सोडले तर आजही तिथेच होतो. म्हणजे खाणवाल्यांना वर्षातून एकदा राजधानीत जाऊन धिंगाणा घालायचं हक्काचं निमित्त. तुमचा संघ आधीच बाद झाला असला तरी त्याचा शर्ट घालून जायची तिथे रीत आहे. हे मला फार आवडतं.

आता 2018. त्या वर्षी कप जिंकला कॅटलन्स ड्रॅगन्सने, म्हणजे फ्रान्समधल्या पर्पिन्यांच्या संघाने. तोवर शंभरावर वर्षांत इंग्लंडबाहेरच्या एकाही संघाने तो उचलला नव्हता. आणि फ्रान्सला या खेळात घाव बसलाय तोही साधा नाही. तेरांचं रग्बी तिथे 1934 मध्ये रुजलं, झपाट्याने वाढलं, आणि डिसेंबर 1941 मध्ये पेताँच्या विशी सरकारने (हिटलरपुढे नमलेल्या फ्रेंच सरकारने) हुकूम काढून त्याची संघटना बरखास्त केली, मालमत्ता जप्त केली. युद्ध संपल्यावर खेळायला परवानगी मिळाली, पण ‘रग्बी’ हे नाव लावायला बंदी! ‘तेरांचा खेळ’ म्हणायचं. हे 1990 च्या दशकापर्यंत चाललं. पर्पिन्यांच्या मैदानाला ज्याचं नाव आहे तो झिल्बेर ब्रुटुस नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होता, 1944 मध्ये त्यांच्याच कैदेत मेला.

बाद पद्धतीचं म्हणाल तर याच संघाचं उदाहरण घ्या. सप्टेंबर 2017 च्या शेवटी ली नावाच्या इंग्लिश संघाच्या मैदानावर त्यांचा एक सामना झाला, ‘मिलियन पाउंड गेम’ म्हणतात त्याला. हरेल तो सुपर लीगमधून, म्हणजे सगळ्यात वरच्या साखळीतून, खाली. कॅटलन्स 26-10 जिंकले, जेमतेम वाचले. 2018 ची सुरुवातही इतकी वाईट की साखळीत तळाशी होते. साखळीत पाच सामने हरलात की ते पाच पराभव वर्षभर मानगुटीवर बसतात. कपाला मात्र तुमच्या मागच्या महिन्याशी काही देणंघेणं नसतं. उपांत्य सामना 5 ऑगस्टला बोल्टनला, समोर साखळीत अव्वल असलेलं सेंट हेलेन्स. मध्यंतराला धावफलक 27-0, आणि तो कॅटलन्सच्या बाजूने! आमच्याकडे पबमध्ये लोक टीव्ही बिघडल्यासारखे बघत होते. शेवटी 35-16. वॉरिंग्टनकर खूश, कारण अंतिम सामन्यात आता सेंट हेलेन्सची ब्याद नव्हती. मीही खूश. मूर्खपणा होता तो.

25 ऑगस्टला आम्ही पहाटे बसने निघालो. वेम्बलीत नव्वद हजारांची सोय, आले होते 50,672. वरच्या मजल्यावरच्या लाल खुर्च्या उघड्या पडलेल्या. पर्पिन्यांहून लंडनला येणं काय खायचं काम आहे? तरी आले होते ते सगळे लाल-पिवळ्यात, आणि आमच्यापेक्षा जास्त आवाज त्यांचाच. कॅटलन्सच्या लुईस टिअर्नीने अगदी सुरुवातीलाच ट्राय टाकला, म्हणजे चेंडू आमच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला, आणि माझ्या शेजारच्या आजोबांनी डब्यातलं सँडविच न खाता परत बंद केलं. ते शेवटपर्यंत उघडलं नाही.

उत्तरार्धात कॅटलन्सच्या बाजूने 20-14 झालं. ट्रायचे चार, वरच्या किकचे दोन, म्हणजे एका घुसखोरीत बरोबरी. आम्ही घुसत राहिलो, ते पाडत राहिले. कबड्डीत शेवटच्या मिनिटाला सगळी साखळी एकमेकांचे हात घट्ट धरून उभी राहते ना, तसं ते खेळले. सामनावीराची लान्स टॉड ट्रॉफी तोनी जिगोला, ती मिळवणारा पहिलाच फ्रेंच खेळाडू. कर्णधार रेमी कास्तीने कप उचलला तेव्हा आजोबा उठून टाळ्या वाजवत होते. मी नाही वाजवल्या. मला तेव्हा 1941 वगैरे काही ठाऊक नव्हतं, ते परतीच्या बसमध्ये त्यांनीच सांगितलं.

‘हे आपलं वर्ष’ हा वॉरिंग्टनचा जुना विनोद आहे. दरवर्षी म्हणतात, कारण साखळीचं विजेतेपद 1955 नंतर आलेलंच नाही. 2018 च्या ऑक्टोबरात ग्रँड फायनलही, म्हणजे साखळीचा विजेता ठरवणारा सामनाही, आम्ही विगनकडून 12-4 हरलो. कप मात्र पुढच्याच ऑगस्टमध्ये आला, सेंट हेलेन्सला 18-4 हरवून. तेव्हा मी गणपतीसाठी रजा टाकून सांगलीत होतो आणि स्कोअर फोनवर बघत होतो.