हवा, हवामान आणि सूक्ष्महवामान

प्रश्न असा आहे: 'आज हवामान ढगाळ आहे' हे वाक्य बरोबर का? बरोबर असेल, तर काल ऊन होतं आणि आज पाऊस आला यालाच 'हवामान बदल' म्हणायचं का? आणि 'सूक्ष्महवामान' ते कोणतं?

शाळेच्या भूगोलात ही वाटणी स्वच्छ केलेली असते. एखाद्या वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे हवा. तिचं दीर्घकाळचं सरासरी रूप म्हणजे हवामान. 'हवा' मूळचा अरबी, 'मान' संस्कृत, मोजमाप या अर्थाचा. पर्जन्यमान, आयुर्मान यांप्रमाणे हवामानातही तो सरासरीकडे झुकतो. (तापमान मात्र या क्षणाचंही असतं, म्हणून याचा पक्का नियम करू नये.) तेव्हा 'आज हवा ढगाळ आहे' हे अधिक नेमकं. पण 'हवामानाचा अंदाज' इतका रुळला आहे की त्याला चूक ठरवणं मला पटत नाही. चाकात भरतो तीही हवाच, त्यामुळे लोकांना वेगळा शब्द जवळचा वाटला असावा.

'हवामान बदल'मध्ये मात्र दीर्घकाळचाच अर्थ घ्यायला हवा. जागतिक हवामान संघटना त्यासाठी ३० वर्षांचा काळ धरते. सध्याचा १९९१ ते २०२०. नुसती सरासरीही पुरत नाही. वर्षभर सौम्य असलेलं गाव आणि उन्हाळ्यात होरपळून हिवाळ्यात गोठणारं गाव, दोघांची वार्षिक सरासरी सारखी येऊ शकते.

हे हवामान घडवण्यात पहिला वाटा अक्षांशाचा. इंग्रजी 'क्लायमेट'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक 'क्लिमा'चा अर्थच उतार, कल. सूर्यकिरण किती तिरपे पडतात, हे अक्षांशावर ठरतं. मग उंची: किलोमीटरभर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. आणि समुद्र, वारे, डोंगर. लंडन आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लॅब्राडोरचं दक्षिण टोक जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण लंडनकडे येणारे पश्चिमी वारे महासागरावरून येतात, तर लॅब्राडोरकडे जाणारे गारठलेल्या खंडावरून. शिवाय तिथला सागरी प्रवाहही थंड. म्हणून लंडनचा हिवाळा सौम्य आणि लॅब्राडोरचा कडाक्याचा.

आता सूक्ष्महवामान, म्हणजे एखाद्या लहानशा जागेपुरतं हवामान. हा मला सर्वांत आवडणारा भाग. निरभ्र, निवांत रात्री उतारावरची हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी ओघळून दरीच्या तळाशी साचते. तळात दहिवर गोठतं, उताराच्या मध्यावरची झाडं वाचतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उताराला ऊन जास्त, म्हणून तो उबदार आणि कोरडा. तापमापक जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, सावलीच्या पेटीत असतो. त्यावर ३ अंश दिसत असतानाही खाली गवताचं पातं गोठलेलं असू शकतं. जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ गायगर यांनी १९२७ साली जमिनीलगतच्या याच थराच्या हवामानावर ग्रंथ लिहिला.

इथे 'सूक्ष्म' आहे ती जागा; काळ नव्हे. भिंतीच्या आडोशाला आज ऊबदार वाटलं तर ती आजची हवा. हिवाळ्यामागून हिवाळे तिथे ऊब टिकत असेल, तर ते त्या आडोशाचं सूक्ष्महवामान. म्हणूनच मी हा शब्द जोडून लिहितो. 'सूक्ष्म हवामान' असं तोडलं की हवामानच बारीकसं आहे असा भास होतो. साध्या लेखनात 'त्या जागेपुरतं हवामान' म्हटलं तरी अर्थ पूर्ण पोचतो.