स्वनातीत, ध्वन्यातीत की श्राव्यातीत?

प्रश्न असा आला आहे: बेल एक्स-१ हे विमान १९४७ साली ध्वनीपेक्षा जास्त वेगाने उडालं. अशा ‘सुपरसॉनिक’ उड्डाणाला मराठीत ‘ध्वन्यातीत’ म्हणावं, ‘श्राव्यातीत’ म्हणावं की ‘स्वनातीत’?

‘ध्वन्यातीत’ आधी निकालात काढू, कारण असा शब्दच होत नाही. ध्वनि + अतीत यांचा संधी ‘ध्वन्यतीत’, जसा अति + अंत यांचा ‘अत्यंत’. ‘इत्यादी’त काना येतो तो पुढे ‘आदि’ आहे म्हणून. माझ्या मते कालातीत, शब्दातीत, गुणातीत हे शब्द कानात इतके बसलेत की लिहिणारा त्याच चालीवर हाही ओढतो. वेगाचे आकडे दशांशापर्यंत तपासणाऱ्यांनी एक काना तपासू नये, याचा राग येतो.

‘श्राव्यातीत’ शब्द चांगला, पण तो वेगळ्या गोष्टीचा. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही अशा, सेकंदाला २०,००० कंपनांच्या वरच्या ध्वनीचा. वटवाघळाचा, सोनोग्राफीचा. ज्या विमानाचा गडगडाट मैलोगणती लोक दचकून ऐकतात ते श्राव्यातीत कसं? इंग्रजीतही हा घोळ होता. १९३०च्या दशकात ‘सुपरसॉनिक’ हा शब्द ऐकू न येणाऱ्या ध्वनीलाही सर्रास लावत. पुढे तो वेगाकडे गेला आणि त्या ध्वनीसाठी ‘अल्ट्रासॉनिक’ रूढ झाला.

राहिला ‘स्वनातीत’, आणि खरी मौज इथे आहे. ‘स्वन’ संस्कृत स्वन् धातूचा, लॅटिन ‘सोनुस’ त्याचा सख्खा भाऊ, आणि ‘सुपरसॉनिक’मधला ‘सॉनिक’ त्या लॅटिन घरातला. म्हणजे ज्याने ‘स्वनातीत’ घडवला त्याने परक्या शब्दाला आपल्याच कुळातला जोडीदार शोधून दिला. इंग्रजीतलं ‘स्वान’, म्हणजे हंस, हेही याच मुळाचं मानतात. ‘ध्वनी’चा इंग्रजी नातलग कोण, तर ‘डिन’, म्हणजे गोंगाट!

काही भाषाविज्ञानवाले म्हणतात की स्वनिम, स्वनविचार यांमुळे ‘स्वन’ आता उच्चारशास्त्राचा झाला, विमानवाल्यांनी तो वापरू नये. हा हट्ट मला मुळीच मान्य नाही. अमरकोशात शब्दवाचक नावांच्या एकाच ओळीत ध्वनी, रव आणि स्वन शेजारी बसले आहेत. कालच्या परिभाषेने त्यांतल्या एकाचा सातबारा आपल्या नावावर करून घ्यायचा, हा कुठला न्याय?

‘अतीत’ तर त्याहून नेमका. अति + इत, ओलांडून गेलेला. काय ओलांडून? त्या ठिकाणच्या हवेतला ध्वनी. १४ ऑक्टोबर १९४७ ला कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकच्या आकाशात वैमानिक चक येगरचं एक्स-१ बी-२९ बॉम्बरच्या पोटाखालून सुटलं आणि सुमारे ४३,००० फुटांवर १.०६ माखला, म्हणजे तिथल्या ध्वनीच्या वेगाच्या १.०६ पटीला, पोहोचलं. (‘मॅक’ नको, एर्न्स्ट माख. १८८७ मध्ये त्याने बंदुकीच्या गोळीपुढच्या आघाततरंगाची, म्हणजे ‘शॉक वेव्ह’ची, छायाचित्रं प्रसिद्ध केली; एक्स-१चा आकारही .५० कॅलिबरच्या गोळीवरूनच घेतलेला.) तो वेग ताशी सुमारे १,१२७ किलोमीटर भरतो. आता ‘ध्वनीचा वेग म्हणजे ताशी १,२२५’ असं ठोकून देणाऱ्यांच्या हिशेबाने येगर ध्वनीच्या मागेच राहिला! १,२२५ हा समुद्रसपाटीवरचा, १५ अंश सेल्सिअसचा आकडा. त्या उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि ध्वनी ताशी १,०६० किलोमीटरवर येतो. आकडा बदलतो, ओलांडणं तेवढं कायम. ते ‘अतीत’ अचूक सांगतो.

म्हणूनच ‘ध्वनीची भिंत फोडली’ हेही मला खुपतं. वाटेत जीव गेले हे खरं. सप्टेंबर १९४६ मध्ये इंग्लंडात धाकटा जेफ्री डी हॅविलंड हा वैमानिक डीएच-१०८ विमान हवेतच मोडून गेला. पण एक्स-१ पुढची अडचण भिंतीची नव्हती. आधीच्या एका उड्डाणात ०.९४ माखच्या सुमाराला येगरच्या हातातल्या दांड्याला विमान दादच देईना. आघाततरंग नेमका शेपटीच्या आडव्या पंखावरच्या बिजागरीपाशी येऊन बसत होता, त्यामुळे बिजागरीमागची हलती फळी निकामी होत होती. अभियंता जॅक रिडलीने सुचवलं, फळी सोडा, तो अख्खा आडवा पंखच कलता ठेवून चालवा. तशी सोय विमानात होतीच. १४ तारखेला त्याच युक्तीने माखचा काटा १ च्या पुढे सरकला, तोही फारसे हादरे न बसता.

तेव्हा वेग ‘ओलांडला’ म्हणा, विमान ‘स्वनातीत’ म्हणा, आणि संधीच करायचा हट्ट असेल तर निदान ‘ध्वन्यतीत’ लिहा, काना न देता.