पोरगा घुमा आहे, शिबिराला पाठवू का?

"मॅडम, पोरगा चार माणसांत तोंड उघडत नाही. शिबिराला पाठवला तर जरा धीट होईल, का पोरं ह्याचीच टिंगल करतील?" नववीची परीक्षा संपली की बेळगावात हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. त्याच्या पाठोपाठ दुसरा: पुढं एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं वर्ष, सुट्टीतले क्लास बुडतील त्याचं काय?

एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वडिलांचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप, घर वडगावात. मुलगा चौदा वर्षांचा, अभ्यासात बरा. वडिलांना तो 'लीडर' व्हायला हवा होता, म्हणजे स्टेजवर माईक धरून बोलणारा. मुलाशी एकट्याशी बोलले तेव्हा लक्षात आलं, घरात त्याच्याकडे एकही काम नव्हतं. सायकल पंक्चर झाली की वडील धावायचे, शाळेत अर्ज द्यायचा तर आई जायची. लाजाळू होताच तो. पण त्याच्यावाचून कुणाचं काही अडतच नव्हतं, तर बोलणार तरी कशाबद्दल?

जांबोटीच्या बाजूला एक निवासी शिबिर होतं. व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली हॉलमध्ये बसवून भाषणं ऐकवणारी शिबिरंही असतात. त्यांच्यावर माझा फारसा जीव नाही. इथं मुलांच्या तुकड्या होत्या, कामाच्या पाळ्या होत्या आणि तुकडीचा प्रमुख रोज बदलायचा. मुलाला मी जबरदस्ती केली नाही. "दोन दिवसांनी नको वाटलं तर फोन कर, बाबा येतील न्यायला," एवढं तिघांच्यात ठरलं.

त्याच्या वाट्याला पाणी आलं. विहिरीवरून आणायचं, पिण्याचं उकळून गाळून पिंपात भरायचं. एका रात्री पिंपावर झाकण ठेवायचं तो विसरला. सकाळी पाण्यात पाला आणि किडे. सगळं पाणी भांडी धुवायला काढावं लागलं, आणि मे महिन्यात तिथली विहीर काही भरलेली नसते. पोरं चिडली, एकजण घालून पाडून बोलला. तुकडीची ताई रागावली नाही, तिनं पाणीही आणून दिलं नाही. फक्त विचारलं, "आता काय करूया?"

तो बराच वेळ गप्प होता म्हणे. मग त्यानं कामं वाटली: दोघं दोरावर, दोघं चुलीपाशी. लहान मुलांच्या बाटल्या आधी भरायच्या, मोठ्यांनी थांबायचं. चिडलेल्या पोरालाच त्यानं बाटल्या मोजायला उभं केलं. चिकोडीकडचा एक मुलगा कन्नडच बोलायचा, त्याला यानं मोडक्यातोडक्या कन्नडात सांगितलं. हे सगळं मला त्यानं स्वतः सांगितलं, तेही न विचारता. स्टेजवर मात्र तो शेवटच्या दिवशीसुद्धा चढला नाही.

वडील जरा हिरमुसले. त्यांना मी एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदगटांवर केलेला हा अभ्यास १९३९ साली प्रसिद्ध झाला. जिथं मोठा माणूस नुसते हुकूम सोडायचा, तिथं तो खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. जिथं मुलांबरोबर बसून ठरवलं जायचं, तिथं त्याच्या माघारीही ते बऱ्यापैकी चालू राहायचं. वडिलांना हे चटकन पटलं. वर्कशॉपमध्ये आपण नसलो की काय होतं, ते त्यांना ठाऊक होतंच.

म्हणून शिबिर निवडताना जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा दिवसाचं वेळापत्रक मागा. काम मुलं करतात की कर्मचारी? चूक झाली तर निस्तरतं कोण? टिंगलटवाळी झाली तर मुलानं कुणाकडे जायचं? रात्री मुलींच्या राहुट्यांपाशी बाई कार्यकर्ती असते का, जवळचा दवाखाना किती लांब, हेही विचारा. जांबोटी-खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर आवर्जून. क्लासचं म्हणाल तर आठ-दहा दिवसांनी दहावी बुडत नाही. मात्र घरात नुकतंच कुणी गेलं असेल, किंवा मुलाला घाबरून श्वास कोंडल्यासारखं होत असेल, तर यंदा राहू द्या. आधी त्याच्याशी बोलायला हवं.

आणि परत आल्यावर त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. या मुलाला घरात सिलिंडर नोंदवणं आणि वीजबिल भरणं दिलं. एक बिल मुदतीनंतर भरलं गेलं, दंड बसला. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी किल्ला केला तेव्हा माती कुणी आणायची, मावळे कुणी मांडायचे, हे त्यानंच ठरवलं, असं आई सांगत होती.

वडील परवा पुन्हा आले होते, नवी तक्रार घेऊन. "मॅडम, आता तो उलट बोलूलालाय की. म्हणतो, सकाळचा क्लास करतो, संध्याकाळचा बंद करा. तुम्ही जरा समजवा त्याला." मी म्हटलं, समजवायला मी मध्ये कशाला? दोन्ही क्लासचं वेळापत्रक आणि मागच्या चाचणीचे गुण पुढ्यात घेऊन तुम्ही दोघंच बसा, आणि आधी त्याला बोलू द्या.