वाचक विचारतात : संकेतस्थळाला लेख देण्याआधी

वेबसाठी लिहू लागलेल्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे साठली आहेत. अनेकांची समजूत अशी दिसते की शेवटचा पूर्णविराम दिला म्हणजे लेख पुरा झाला. वेबवरच्या लेखाचे निम्मे काम तिथून पुढे असते, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात. निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : छापील मासिकांत माझे लेख नियमित येतात. एका संकेतस्थळाला १,८०० शब्दांचा लेख पाठवला, तर ‘पडद्यावर वाचवत नाही’ असे सांगून त्यांनी तो परत केला. चूक नेमकी कुठे झाली असेल?

बहुधा पहिल्या तीनशे शब्दांत. छापील अंक हाती घेतलेला वाचक निवांत असतो, त्याला प्रस्तावना चालते. वेबवरचा वाचक शोध घेताना किंवा कुणी पाठवलेल्या दुव्यावरून थेट लेखावर उतरतो आणि ‘मला हवे ते इथे आहे का’ एवढेच आधी पाहतो. वेबच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १०० पैकी ७९ जण नवे पान शब्दन् शब्द न वाचता नुसती नजर फिरवत होते. म्हणून लेखात काय मिळणार, हे पहिल्या दोन-तीन वाक्यांतच सांगा. ‘आजच्या धकाधकीच्या युगात’सारखी सुरुवात सरळ कापा. ती कापल्यावर लेखाचे काही बिघडत नसेल, तर ती मुळातच नको होती.

मग परिच्छेद पाहा. छापील पानावर दहा ओळींत मावणारा परिच्छेद फोनवर अख्खा पडदा व्यापतो. एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवा आणि दर तीन-चार परिच्छेदांनंतर उपशीर्षक द्या. नुसती अक्षरे ठळक करून उपशीर्षक होत नाही. संपादन-चौकटीतल्या ‘शीर्षक २’, ‘शीर्षक ३’ याच शैली वापरा. दृष्टिहीन वाचकांचे पडदावाचक सॉफ्टवेअर त्यांच्या आधारे लेखात पुढे-मागे उडी मारते. ठळक अक्षरे त्याला साध्या मजकुरासारखीच असतात.

एवढ्यासाठी १,८०० शब्दांचे ६०० करू नका. लांबी हा दोष नाही. वाट न सापडणे हा आहे.

प्रश्न : माझ्या संगणकावर लेख व्यवस्थित दिसतो. संपादकांना मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. रूपांतर करून पाठवला, तर शुद्धलेखनाच्या ढीगभर चुका निघाल्या.

मराठीतून वेबवर लिहिणाऱ्यांना सर्वांत जास्त छळणारी अडचण हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कृतिदेव, शिवाजी किंवा श्री-लिपीचे जुने फॉन्ट यांत मराठी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असते. तो फॉन्ट दुसऱ्याकडे नसला की मागची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. परीक्षा सोपी आहे: मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिली तर तो युनिकोडमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक मराठी चिन्हाला स्वतःचा संकेत असलेल्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत. यापुढे थेट युनिकोडमध्येच टंकलेखन करा. जुना मजकूर रूपांतरित केलात तर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रूपांतरात ती भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरातही काने-मात्रे असेच सुटे होतात.

दिसायला बरोबर पण आतून चुकीच्या अशा दोन गोष्टी आणखी आहेत. पहिली म्हणजे विसर्गाच्या जागी अपूर्णविराम. ‘दुःख’, ‘स्वतः’ लिहिताना कळफलकावरचे दोन टिंबांचे विरामचिन्ह दाबले, तर डोळ्याला फरक जाणवत नाही. संगणकाच्या लेखी मात्र तो वेगळा शब्द होतो आणि शोधताना निसटतो.

दुसरी गोष्ट ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’मधल्या अर्ध्या र ची. तो दोन रीतींनी टंकता येतो: नुक्तेवाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. मजकूर एका चौकटीतून दुसरीत नेताना अदृश्य खुणा कधीकधी गळतात. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगराऐवजी समुद्र. पहिलीच रीत कायम ठेवा.

वर्डमधून थेट चिकटवू नका. फॉन्ट, रंग, ओळींमधले अंतर अशी छुपी सजावट मजकुराबरोबर जाते आणि पानावर एक परिच्छेद मोठा, एक लहान दिसू लागतो. क्रोम, फायरफॉक्ससारख्या बहुतेक ब्राउझरांत कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबले की नुसता मजकूर उतरतो. ठळक, तिरपे आणि दुवे त्यानंतर तिथेच द्या.

प्रश्न : मुख्य शब्द लेखात किती वेळा आला पाहिजे? कुणी शंभर शब्दांमागे तीनदा सांगतात.

असा आकडा नाही. फेब्रुवारी २०११मध्ये गूगलने शोधनिकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीत ‘पांडा’ नावाचा बदल आणला तो शब्द कोंबून लिहिलेल्या, उथळ लेखांची गिरणी चालवणाऱ्या स्थळांना मागे टाकण्यासाठीच. पानाच्या मागे, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, कीवर्डची म्हणजे मुख्य शब्दांची यादी भरण्याचाही उपयोग नाही. क्रम लावताना ती पाहत नाही, असे गूगलने २००९मध्येच जाहीर केले होते. विषयाचे नाव शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि एखाद्या उपशीर्षकात सहज आले की पुरे. शोधनिकालात लांब शीर्षक शेवटाकडून कापले जाते, म्हणून महत्त्वाचे शब्द पहिल्या पाच-सहा शब्दांत आणा.

प्रश्न : लेखाचा दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते. कधी दुवा अर्धवटच तुटतो.

तुमच्या लेखाच्या वेबपत्त्यात मराठी शीर्षक जसेच्या तसे गेले आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ चिन्हांचे होते. ‘पाणी’ म्हणजे प, काना, ण आणि वेलांटी अशी चार चिन्हे. त्यांची छत्तीस होतात. वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवण्याची प्रणाली पत्त्याचा हा भाग २०० चिन्हांपर्यंतच साठवते, म्हणजे बावीसेक देवनागरी चिन्हांतच जागा संपते आणि पुढचे शीर्षक कापले जाते. प्रकाशित करण्याआधी तो भाग रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहा.

प्रश्न : नेटवरचे छायाचित्र ‘सौजन्य : गूगल’ लिहून वापरले तर चालते ना?

नाही. गूगल ते चित्र शोधून दाखवते. त्याचा मालक दुसराच कुणीतरी असतो. स्वतः काढलेले, लेखी परवानगी घेतलेले किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचेच, म्हणजे मालकाने ठरावीक अटींवर वापरायला मोकळे केलेले, चित्र वापरा. परवाना नीट वाचा: ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर नाही, ‘एनडी’ असेल तर बदललेले रूप प्रसिद्ध करता येत नाही. चित्राचे नाव, कर्ता, मूळ पानाचा दुवा आणि परवाना अशा चार गोष्टी चित्राखाली द्या.

फोनवरचे मूळ छायाचित्र तसेच चढवू नका. ते अनेकदा चार हजार पिक्सेल रुंद आणि काही एमबी वजनाचे असते, शिवाय ते कुठे काढले ती जागाही फाइलमध्ये नोंदलेली असू शकते. रुंदी १,२०० ते १,६०० पिक्सेलवर आणा, वजन शक्यतो २०० केबीच्या आत ठेवा, जागेची नोंद पुसा. दुव्यासोबत दिसणाऱ्या मुख्य चित्रासाठी १,२०० बाय ६३० हे माप बहुतेक ठिकाणी न कापता बसते. पर्यायी मजकुराच्या रकान्यात, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी असलेल्या जागेत, चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा. तो रकाना कीवर्डसाठी नाही.

प्रश्न : एकच लेख दोन स्थळांना दिला तर?

आधी दोन्हीकडच्या अटी वाचा. काही संपादक स्वतःच्या ब्लॉगवर किंवा फेसबुकवर टाकलेला मजकूरही ‘पूर्वप्रसिद्ध’ धरतात. न सांगता दोन्हीकडे दिलात तर विश्वास जातो, आणि तो परत मिळवणे फार अवघड असते. दोघांची संमती असेल, तर मूळ लेख कुठे आला ते दुव्यासह पहिल्याच ओळीत सांगा. शोधयंत्र सारख्या पानांपैकी बहुधा एकच दाखवते. मूळ पान दाखवणारा ‘कॅनॉनिकल’ टॅग हा गूगलसाठी फक्त इशारा असतो, तो मानलाच जाईल असे नाही. खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्या स्थळाने आपले पान ‘नोइंडेक्स’ ठेवणे, म्हणजे शोधयंत्राने ते दाखवू नये अशी खूण करणे. याची बोलणी लेख देण्याआधीच करा.

प्रश्न : लेख प्रसिद्ध झाल्यावर आकडा चुकल्याचे लक्षात आले. आता काय करावे?

त्याच दिवशी संपादकांना कळवा. ‘मध्ये कुठेतरी चूक आहे’ असे मोघम नको: परिच्छेदाचे पहिले चार शब्द, चुकीचे वाक्य, बरोबर वाक्य आणि त्याचा आधार, एवढे एकाच पत्रात पाठवा. वेलांटी-उकाराची चूक गुपचूप दुरुस्त केली तरी हरकत नाही. आकडा, नाव, तारीख चुकली असेल तर मजकूर दुरुस्त करून लेखाखाली तारखेसह लिहा की आधी काय होते आणि आता काय आहे. जुना आकडा वाचून गेलेल्याचा तो हक्क आहे. पुढच्या वेळी ‘काल’, ‘यंदा’, ‘नुकतेच’ हे शब्दही टाळा. लेख तीन वर्षांनी उघडला जातो तेव्हा ते चुकीचेच ठरतात. पूर्ण तारीख लिहा.

लेखाचा पत्ता मात्र बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ‘३०१’ प्रकारचे कायमचे वळण द्यायला सांगा, नाहीतर आधी वाटले गेलेले सगळे दुवे मरतात. चूक शीर्षकातच असेल, तर फेसबुकवर जुने शीर्षक दिसत राहू शकते. तिथल्या ‘शेअरिंग डीबगर’मध्ये लेखाचा पत्ता घालून पान पुन्हा वाचायला लावले की नवे शीर्षक येते.