फुकट मॉड बनवणं हे काम आहे की छंद? पैसे मागावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेथेस्डा कंपनीच्या स्कायरिम या गेमसाठी बनवलेला तुमचा मॉड (चाहत्याने गेममध्ये केलेला बदल किंवा भर) हजारो लोक वापरतात. गेमचा अपडेट आला की मॉड मोडतो आणि लोक अंगावर येतात. कुरकुर केली तर 'छंद आहे ना, मग रडता कशाला' असं ऐकवतात. मग हे काम आहे की छंद, आणि पैसे मागावेत का?

काम आहे. मॉड लिहिणं छंद असू शकतो, पण तो सांभाळणं हे कामच. मी एकच कसोटी लावतो: तारीख कोण ठरवतं? रात्री दोनला सुचलं म्हणून नवी गुहा बांधली तर तो छंद. पण दुसऱ्या कोणी गेमची exe (मुख्य प्रोग्रॅम फाइल) बदलली म्हणून तुमचा शनिवार-रविवार गेला, तर ते काम. त्यात मजा येते का, हा मुद्दाच वेगळा. आचाऱ्यालाही स्वयंपाकात मजा येते, म्हणून पंगत फुकट जेवत नाही.

११ नोव्हेंबर २०२१ चंच घ्या. स्कायरिमला त्या दिवशी दहा वर्षं झाली आणि ॲनिव्हर्सरी एडिशन आली. जुनी १.५.९७ जाऊन १.६.३१७ आली. एसकेएसई (गेममध्ये जादा कोड चालवू देणारं चाहत्यांचं साधन) बनवणाऱ्यांनी आधीच बजावलं होतं की हा अपडेट नेहमीसारखा नाही, सगळे डीएलएल प्लगइन (त्या साधनाच्या आधारे चालणाऱ्या कोडच्या फाइली) मोडणार. तेव्हा एक छोटा प्लगइन माझ्या गळ्यात होता, त्यामुळे पुढचं ऐकीव नाही.

नेहमीच्या अपडेटमध्ये होतं ते एवढंच की फंक्शनचे (कोडच्या छोट्या तुकड्यांचे) पत्ते सरकतात. त्यावर ॲड्रेस लायब्ररी हा उपाय होताच: प्लगइनमध्ये पत्ता लिहायचाच नाही, क्रमांक लिहायचा आणि त्या आवृत्तीचा पत्ता तक्त्यातून उचलायचा. तक्ता बदलला की काम झालं, कोड पुन्हा कंपाइलही करावा लागत नाही. पण या वेळी गेम नव्या कंपाइलरने (लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने) बांधला होता. त्याने कित्येक छोटी फंक्शन मोडून जिथे वापर होता तिथेच ओतून टाकली. पत्ता सरकला असता तर शोधता आला असता. इथे फंक्शनच उरलं नव्हतं. म्हणून जुने क्रमांक बाद झाले आणि १.६ साठी वेगळा तक्ता तयार करावा लागला.

मग बसायचं. जुनी आणि नवी exe डिसअसेंबलरमध्ये (तयार प्रोग्रॅम उलगडून दाखवणाऱ्या साधनात) शेजारी शेजारी उघडायची. आपलं फंक्शन आतल्या मजकुरावरून, नाहीतर व्हर्च्युअल टेबलवरून (फंक्शनच्या पत्त्यांच्या यादीवरून), नाहीतर आजूबाजूच्या ओळखीच्या फंक्शनवरून हुडकायचं. सापडलं की खरी मेख पुढे. हुक, म्हणजे गेमच्या कोडमध्ये आपला कोड अडकवायचा आकडा, बहुतेक वेळा पाच बाइटच्या कॉलवर (फंक्शनला बोलावणाऱ्या सूचनेवर) बसतो. तो कॉल आता तिथे नाही, किंवा आहे पण त्याआधी कंपाइलरने वेगळा रजिस्टर (प्रोसेसरमधली तात्पुरती साठवणीची जागा) वापरलाय. पत्ता बरोबर असूनही तुमचा कोड कचरा वाचतो. आणि गेम लगेच पडला तर नशीब म्हणायचं, कारण तो चाळीस मिनिटांनी, भलत्याच ठिकाणी, दुसऱ्याच मॉडचं नाव लॉगमध्ये टाकून पडतो. फंक्शन तीन ठिकाणी ओतलं गेलं असेल तर हुकही तीन लागतात, आणि त्यातला एक विसरला की दहातल्या नऊ वेळा सगळं सुरळीत चालतं. असल्या बगइतका वेळ दुसरं काही खात नाही.

शिवाय एसकेएसईने प्लगइन ओळखण्याची पद्धतच बदलली. पूर्वी एसकेएसईचा लोडर प्लगइनमधल्या क्वेरी फंक्शनला विचारायचा, १.६ पासून प्लगइनने आपली आवृत्तीची माहिती एका ठरावीक रचनेत बाहेर मांडायला लागते. ती नसेल तर बाकी कोड कितीही शुद्ध असो, लोडर त्याला दारातच अडवतो. पुढच्या १.६.६२९ मध्ये काही रचनांच्या आतली मांडणी हलली, म्हणजे पत्ते बरोबर असले तरी आतले आकडे चुकीचे. डिसेंबर २०२३ मध्ये १.६.११३० आली आणि लाइट प्लगइनमधल्या (छोट्या मॉड-फाइलमधल्या) नोंदींच्या क्रमांकांची मर्यादा २०४८ वरून ४०९६ झाली. चांगली गोष्ट होती. पण नव्या हेडरची (सुरुवातीलाच आवृत्ती सांगणाऱ्या नोंदीची) फाइल जुन्या आवृत्तीवर टाकली की गेम सुरू होतानाच पडायचा आणि शिव्या मात्र मॉडरला.

यातलं एकही काम 'नवं काही बनवणं' नव्हतं. काल चालत होतं ते आज पुन्हा चालवणं, एवढंच. वर निम्मी जनता १.५.९७ सोडायला तयार नव्हती, म्हणून दोन डीएलएल, दोन चाचण्या, दोन प्रकारचे बग रिपोर्ट. बिनपगारी फुल अधिकारी म्हणतात ते हेच. मला तेव्हा कोणी तरी ऐकवलं होतं, 'खरा फॅन हिशेब मागत नाही'. त्याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही, आता देतो.

फॅन मंडळी हिशेब कायमच ठेवत आली आहेत, फक्त तो रोख नसायचा. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी १९३० पासून स्वतःची मासिकं काढली, चक्रमुद्रित, हाताने टाचलेली. त्यावर किमतीच्या जागी पुष्कळदा 'नेहमीचं' असं लिहिलेलं असायचं. नेहमीचं म्हणजे तुमच्या मासिकाचा अंक पाठवा, लेख द्या, चित्र द्या, निदान नीट वाचून सविस्तर पत्र लिहा. काहीच पाठवलं नाही की नाव यादीतून जायचं. म्हणजे फुकट होतं, पण फुकटे चालत नव्हते. आज 'ही तर भेट-संस्कृती आहे' म्हणणाऱ्यांनी परतफेडीची ती अर्धी बाजू गुंडाळून ठेवली आहे. ज्या चाहत्यांच्या आवडीच्या यंत्रमानवाचं 'रोबॉट' हे नावच चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दावरून आलंय, त्यांना तरी हे समजावून सांगावं लागू नये.

दुसरा नमुना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीचा. त्यांचे स्वयंसेवक गप्पांच्या खोल्या सांभाळायचे, ठरलेल्या पाळ्या करायचे, अहवाल द्यायचे. बदल्यात जोडणी फुकट किंवा स्वस्तात. १९९९ मध्ये दोन माजी स्वयंसेवक कोर्टात गेले की हे किमान वेतनाचं काम आहे. दशकभर रखडून प्रकरण दीड कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. 'हौशी' या शब्दाआड पाळी आणि अहवाल दडले होते, म्हणून ते प्रकरण टिकलं. तुमच्याकडे पाळी लावणारा मालक नाही, म्हणून हा रस्ता तुम्हाला बंद आहे. कोर्टाची स्वप्नं पाहू नका.

आता पैसे. २०१५ चा एप्रिल सगळ्यांना आठवतो, पण चुकीच्या कारणासाठी. २३ तारखेला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर स्कायरिमचे मॉड विकायला सुरुवात झाली, २७ ला दुकान बंद. वाटणी अशी: ३० टक्के स्टीम, ४५ टक्के बेथेस्डा, २५ टक्के मॉडर, आणि मॉडरचा वाटा १०० डॉलरवर पोचेपर्यंत हातात काही नाही. लोक अजून त्या २५ वरच भांडतात. माझ्या मते ते दुय्यम. दुकान आतून पोकळ होतं ते अवलंबनामुळे. पहिल्या घाण्यातलाच मासेमारीचा एक मॉड दुसऱ्याच्या ॲनिमेशनच्या फुकट साधनावर उभा होता. ते बनवणाऱ्याला आपलं काम विक्रीत नको होतं, आणि मॉड मागे घ्यावा लागला. कोणताही मोठा मॉड पाहा, खाली पाच-सात जणांचं काम असतं: एसकेएसई, ॲड्रेस लायब्ररी, मेनूसाठी स्काययूआय, कोणाचे मेश (वस्तूंचे त्रिमितीय आकार), कोणाचे टेक्स्चर (त्यांवरची चित्रं). वरच्या मजल्याला किंमत लावली की पायाला किती, हे कोणी ठरवलंच नव्हतं. १०० टक्के मॉडरला दिले असते तरी हे भांडण पेटलंच असतं.

म्हणून माझं मत: मॉडची किंमत लावू नका, तुमच्या वेळेची लावा, आणि त्याहीपेक्षा वेळेवर ताबा ठेवा. देणगीचा दुवा ठेवा, त्याची लाज बाळगू नका. मात्र 'इतके जमले तर अपडेट करीन' असं कधीही लिहू नका. त्या वाक्याने तुम्ही स्वतःच स्वतःला तारीख लावून घेता, तीही तुटपुंज्या पैशात.

त्याऐवजी मॉडच्या वर्णनात सगळ्यात वर, चित्रांच्याही आधी, चार गोष्टी लिहा. कोणत्या आवृत्त्यांवर तपासलंय, नेमके आकडे देऊन. बग रिपोर्टसोबत काय हवं: गेमची आवृत्ती, एसकेएसईची आवृत्ती, संपूर्ण लोड ऑर्डर (मॉड कोणत्या क्रमाने उघडतात ती यादी) आणि क्रॅश लॉग (गेम पडतानाची नोंद), कापलेला नव्हे, अख्खा. यातलं एक जरी नसेल तर उत्तर नाही, आणि हे खरंच पाळा. पहिल्या आठवड्यात शिव्या पडतील, नंतर निम्मे रिपोर्ट आपोआप गळतील. तिसरं, खेळाच्या मध्यावर मॉड काढला तर सेव्हची जबाबदारी तुमची नाही. पॅपिरस (गेमची स्वतःची स्क्रिप्टभाषा) स्क्रिप्ट सेव्हमध्येच भाजली जाते आणि मॉड काढला तरी तिचं भूत आत फिरत राहतं, हे लोकांना दरवेळी नव्याने सांगावं लागतं. चौथं सगळ्यात महत्त्वाचं: 'मी सलग तीन महिने उत्तर दिलं नाही तर कोणीही हा मॉड दुरुस्त करून, श्रेय देऊन, प्रसिद्ध करावा.' डीएलएल असेल तर सोर्स एमआयटी किंवा जीपीएल या, कोणालाही कोड वापरू-बदलू देणाऱ्या परवान्याखाली उघडा टाका. हे दानधर्म म्हणून करायचं नाही. तुमच्याशिवाय कोणी दुरुस्तच करू शकत नसेल तर तुम्ही बांधले गेलात, आणि दुसऱ्या कोणाला जमत असेल तरच तुम्हाला रजा मिळते.

प्रसिद्ध करण्याआधी एसएसई-एडिट या मॉड तपासायच्या साधनात क्विक ऑटो क्लीन (आपोआप साफसफाई) चालवा आणि डिलीट झालेले नॅव्हमेश (पात्रांना चालायची वाट दाखवणारे नकाशे) शोधा. मूळ गेमचा नॅव्हमेश उडवलेला असेल तर क्रॅश येऊ शकतो, आणि ऑटो क्लीन तो दुरुस्त करत नाही, हाताने करावा लागतो. 'तुमच्या मॉडने गेम पडतो' ही तक्रार बहुतेक वेळा खोटी असते. ती खरी ठरते ती अशा चुकांमुळे.

एक गोष्ट मॉडर मंडळींना आवडणार नाही. कंपनीचे बग फुकटात दुरुस्त करताना पगारी टेस्टरांचा विचार करा. रेव्हन सॉफ्टवेअर या गेम कंपनीतल्या टेस्टरांनी सहकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये काम थांबवलं, मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी संघटना उभी केली. ज्या धंद्यात चाचणी आणि दुरुस्ती हेच सगळ्यात स्वस्त श्रम मानले जातात, तिथे आपण लष्कराच्या भाकऱ्या आनंदाने भाजत बसतो. दुरुस्तीचा मॉड काढूच नका असं म्हणत नाही, मीही वापरतो. पण संप झाला तर 'आम्ही करून देतो की' म्हणत पुढे होऊ नका.

काही पुरवण्या. तुमचा मॉड साधा ईएसपी (नुसत्या गेम-डेटाची फाइल) असेल, डीएलएल नसेल, तर वरच्या निम्म्या कटकटी तुम्हाला लागूच नाहीत आणि तुमची तक्रार मला थोडी जास्त वाटेल. क्रिएशन किटचा (बेथेस्डाच्या मॉड बनवायच्या साधनाचा) करार बेथेस्डाच्या परवानगीशिवाय मॉड विकू देत नाही, माइनक्राफ्टचाही मॉड विकू देत नाही, तेव्हा 'पैसे मागावेत का' याआधी आपल्या गेमचा करार वाचा. आणि कंपनीने स्वतःहून पैसे देऊन काम दिलं तर जरूर घ्या, फक्त पुढच्या अपडेटनंतरची दुरुस्ती त्यात धरलीये का हे लेखी विचारा.

वापरणाऱ्यांना उद्देशून वर्णनातच एक ओळ टाका: स्टीममध्ये 'सुरू केल्यावरच अपडेट' हा पर्याय निवडा आणि गेम नेहमी एसकेएसईच्या लोडरवरून उघडा. आणि आज अपडेट आलाच असेल तर नव्या आवृत्तीची एसकेएसई आणि ॲड्रेस लायब्ररीचा तक्ता येईपर्यंत तुम्ही आपल्या मॉडची फाइल उघडूच नका. त्याआधी करण्यासारखं काही नसतं.