ब्लूज ऐकायला सुरुवात कोणत्या संकलनापासून करावी?

रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायक-गिटारवादकापासून. त्याचं सगळं ध्वनिमुद्रण १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात झालं, गाणी अवघी २९. कोलंबिया कंपनीने १९६१ मध्ये त्यातली निवडक गाणी एका एलपीवर काढली आणि पुढे इंग्लंडमधली गिटारवाली पोरं त्यावर अक्षरशः वेडी झाली. १९९० चा संपूर्ण संच मात्र नंतर घ्या. त्यात एकाच गाण्याचे दोन टेक (तेच गाणं पुन्हा गाऊन केलेली मुद्रणं) लागोपाठ येतात, नवखा माणूस कंटाळतो.

मग मडी वॉटर्स. चेस कंपनीने १९५८ मध्ये काढलेला ‘बेस्ट ऑफ’ पुरे. मिसिसिपी डेल्टाचंच (अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, जॉन्सनच्याही मुलखाचं) गाणं, पण शिकागोत येऊन इलेक्ट्रिक गिटारवर चढलेलं.

चार्ली पॅटन या डेल्टातल्याच जुन्या गायकाची घाई नको. त्याची गाणी काढणाऱ्या पॅरामाउंट कंपनीचे मूळ मास्टर (ज्यांवरून तबकड्या छापतात ते साचे) बहुतेक नष्ट झाले, त्यामुळे त्याची पुनर्प्रकाशनं संग्राहकांकडच्या झिजलेल्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून केलेली असतात. खरखर असणारच. फार साफ केलेली आवृत्ती टाळा; खरखरीबरोबर आवाजातली धारही जाते (निदान माझ्या कानांना तरी).

आणि हो, स्वस्तातल्या ‘ब्लूज हिट्स’वर ध्वनिमुद्रणाचं साल छापलेलं नसेल तर सोडून द्या. बऱ्याचदा आत म्हातारपणी पुन्हा गायलेली गाणी निघतात.